अक्कासाठी केलेला डबा

परभणीला मला प्रयोगशाळेत नोकरी लागली, पण मी तिथं नेमकं काय करते हे आमच्या पूर्णेच्या रेल्वे वस्तीत कुणालाच सांगता यायचं नाही. बाप रेल्वेत गँगमन होता, रूळ दुरुस्त करायचा. कामावर कुणी विचारलं की तो छाती काढून म्हणायचा, "पोरगी डोळ्याला दिसत न्हाईत असे जीव पाळती." ऐकणारा हसायचा. बापाला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि वस्तीतली पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. तेव्हा मी जे काही करत असेन ते मोठंच असणार अशी त्याची खात्री होती.

बाप म्हणायचा ते खोटंही नव्हतं. भुईमुगाच्या, तुरीच्या मुळांवर ज्या बारीक गाठी असतात त्यांतले जिवाणू आम्ही वेगळे काढायचो, वाढवायचो आणि कोळशाच्या भुकटीत मिसळून पाकिटं भरायचो. पेरणीच्या आधी शेतकरी ते बियाण्याला चोळायचे. पण एका जिवाणूला पाळायचं तर बाकीच्या सगळ्यांना मारावं लागतं, आणि माझा बहुतेक दिवस त्या मारण्यातच जायचा. सकाळी गेलं की फिनाईलनं फरशी. मग टेबलांवर कार्बोलिकचं पाणी. हातांना स्पिरिट. मुळांवरच्या गाठी पाऱ्याच्या विषारी पाण्यात बुडवून काढायच्या आणि पुन्हा पुन्हा धुवायच्या. काचेच्या नळ्यांना कापसाचे बोळे बसवायचे. त्याला दवाखान्यातला कापूस चालत नाही, तो ओल धरतो. सेलूच्या जिनिंगमधला कच्चा कापूस लागायचा. आणि शेवटी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे पिंपाएवढ्या प्रेशर कुकरात, वाफेखाली ठेवायचं. त्या खोलीचा वास माझ्या लुगड्यांना इतका भिनला होता की पूर्णेला जाताना गाडीत शेजारची बाई विचारायची, "दवाखान्यातून आलीस का ग?"

आतल्या अंगाला एक लहान खोली होती. तिच्या छताला अतिनील किरणांची नळी लावलेली होती, फिकट निळ्या उजेडाची. काम सुरू करायच्या आधी दार लावून ती पेटवायची, टेबलावरचे आणि हवेतले जिवाणू मरू द्यायचे, मग ती बंद करून आत शिरायचं. आमचे सर शांत स्वभावाचे होते. शिकवताना एकच गोष्ट दोन-तीनदा सांगायचे. ते म्हणायचे, "हा उजेड ज्याच्यावर पडेल त्यालाच मारतो. साधा कागद आडवा आला, तरी त्याच्या सावलीतले सगळे जिवंत."

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होते आणि अक्का चौथीत होती. तिनं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचंच. मला कडेवर घेऊन ती नळावरून पाणी आणायची, बापाची भाकरी गँगवर पोचवायची. पुढं मी शाळेत जायला लागले, तर संध्याकाळी माझ्या पाटीवरची अक्षरं बोटानं गिरवून बघायची. "तू शीक," ती म्हणायची, "तुझ्यात माझंबी होऊन जाईल."

तिला गंगाखेडच्या पलीकडं, राणीसावरगावात दिली. दाजी अबोल, कष्टाळू माणूस. थोडं कोरडवाहू रान, बाकी मजुरी. घरात सासू आणि हे दोघं. दीक्षेनंतर त्यांच्याही घरातला देव्हारा जाऊन तिथं बुद्धाची तसबीर आली होती, पण पाचवीच्या रात्रीची सटवाई काही सासूच्या मनातून गेली नव्हती.

अक्काला पहिला मुलगा झाला. चांगला गुटगुटीत होता म्हणे. आठवडा भरला नाही तोच त्यानं अंगावर प्यायचं सोडलं. जबडा उघडेना. कुणी हात लावला, घरात भांडं पडलं, की त्याचं अंग ताठ होऊन मागं वाकायचं. मग गेला. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. तिचंही अगदी तसंच झालं. गावात बायका अक्काला बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. कुणाच्या बारशाला तिला बोलावणं येईना. शेवटी बाप तिच्या गावी जाऊन तिला पूर्णेला घेऊन आला.

त्याच दिवसांत माझ्या डोळ्यांचं झालं. आतल्या खोलीतली ती नळी कशी कोण जाणे सुरूच राहिली होती. वरचा साधा दिवाही जळत होता, त्यात तिचा फिकट उजेड मला कळला नाही, आणि मी तिच्याखाली बसून काम करत राहिले. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं व्हायला लागलं. उजेड सहन होईना, पापणी उचलेना. बरोबरच्या एकीनं मला पूर्णेच्या गाडीत बसवून दिलं. स्टेशनात बापाच्या ओळखीचा एक हमाल होता, त्यानं हाताला धरून घरापर्यंत पोचवलं.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा मला दिसलाच नाही. तिनं माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं तेव्हा गालाला तिची ओली चोळी लागली. बाळ जाऊन फार दिवस झाले नव्हते. पान्हा आटला नव्हता.

"डोळे उघड," ती म्हणाली.

"उघडवत न्हाईत, अक्का."

"उघड म्हणते ना. आई आसती तर तिनं हेच केलं आसतं."

तिनं माझ्या पापण्या बोटांनी हळूच वर केल्या आणि दुधाचे थेंब पाडले. एका डोळ्यात, मग दुसऱ्या. कोमट होतं, पण आग थोडी निवल्यासारखी झाली.

"गार वाटायलंय का?"

"हो."

"घे मग. कुणाच्या तरी कामी येऊ दे."

एवढं बोलली आणि ती रडायला लागली. बाळ गेल्यापासून ती रडलीच नव्हती, हे बापानं मला नंतर सांगितलं. ती हमसून हमसून रडत होती, तिचं अंग हलत होतं आणि माझं डोकं तिच्या मांडीवर हलत होतं. बाप चुलीपाशी बसला होता. तो उठून बाहेर अंगणात गेल्याचं ऐकू आलं, आणि ती शांत होईपर्यंत आत आला नाही.

डोळे बरे झाले. कामावर गेल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. डोळ्यांचं सांगता सांगता बाळांचंही सांगून टाकलं. त्यांच्या हातात काचेची नळी होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"नाळ कशानं कापली होती?" त्यांनी विचारलं.

"विळ्यानं."

"आणि वर काय लावलं?"

"गोवरीची राख आणि तेल."

"धनुर्वात," सर म्हणाले. "तो जंतू शेणात असतो, मातीत असतो. स्वतःभोवती कवच करून बसतो. आपलं स्पिरिट, आपलं फिनाईल, ती आतली नळी, यातल्या कशानंही तो मरेलच असा भरवसा नाही. तो मरतो दाबाच्या वाफेनं."

मी ऑटोक्लेव्हकडं बघत राहिले. रोज मी त्याचं झाकण आवळायची, काटा बघायची. आणि अक्काची दोन बाळं एका विळ्यानं गेली.

सर म्हणाले, "बहिणीला एक गोष्ट नक्की सांगा. यात तिचं काही चुकलेलं नाही. तिच्या पोटाचा, तिच्या दुधाचा, तिच्या नशिबाचा, कशाचाही दोष नाही."

मी ते जसंच्या तसं अक्काला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "हे माज्या सासूला सांगशील का? तुझ्या दाजींच्या देखत?"

तिला सासरी पोचवायला गेले तेव्हा मी सासूला दाजींच्या देखत तेही सांगितलं. पुढच्या वर्षी अक्काला पुन्हा दिवस गेले. दाजी तिला परभणीला तपासायला घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं धनुर्वाताचं एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला या म्हणाली, बाळंतपणाला इथंच या असंही म्हणाली. अक्का तीन-चार दिवस माझ्या भाड्याच्या खोलीवर राहिली. तेव्हा मी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं.

ती दारातच चपला काढून उभी राहिली. सरांनी या म्हटलं तरी आत पाऊल टाकेना. "माझ्यानं इथं काय बिघडंल," म्हणाली. सर हसले. त्यांनी एक काचेची बशी घेतली. तिच्यात आम्ही जिवाणूंसाठी शिजवलेली खळ थिजवून ठेवत असू. सरांनी तिला तिच्यावर अंगठा टेकवायला सांगितलं. शेजारी स्वतःचा अंगठा टेकवला. मला म्हणाले, "आता तुम्ही साबणानं हात धुवा, स्पिरिट लावा आणि तुमचा टेकवा." तीन अंगठे एका बशीत. ती बशी उबेच्या पेटीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही ती काढली. अक्काच्या अंगठ्याच्या जागी पांढरे-पिवळे ठिपके दाटीनं उगवले होते. सरांच्या जागीही तेवढेच. माझ्या जागी एखाददुसरा.

अक्का वाकून कितीतरी वेळ बघत होती. "सायबांच्या बी हाताला तेवढंच हाय?" ती हळूच मला म्हणाली.

सरांनी ऐकलं. "तेवढंच आहे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या हाताला असतं."

"पाटलाच्या बी?"

"पाटलाच्या पण."

अक्का हसली. दोन बाळांनंतर पहिल्यांदा मी तिला तोंड भरून हसताना बघितलं. वाटेत परतताना म्हणाली, "धाकटे, तुझी ही नोकरी लय चांगली हाय."

पण ते वर्ष आणीबाणीचं होतं. खेड्यापाड्यांत कुटुंबनियोजनाच्या जीपगाड्या फिरत होत्या. बाया-माणसांना धरून नेतात, नस कापतात, दवाखान्यात गेलेली बाई तशी परत येत नाही, असल्या वावड्या घराघरांत होत्या, आणि सगळ्याच काही खोट्या नव्हत्या. अक्काची सासू दवाखान्याचं नाव काढू देईना. दुसरं इंजेक्शन राहिलं. "दोन लेकरं देवानं नेली," ती म्हणायची, "तिसरं व्हायची वाटच बंद करून यायची का?" तिची भीती मला कळत होती. माझ्या बापाच्या गँगमधल्या माणसांनाही तीच होती.

मग मी सरांच्या परवानगीनं एक डबा केला. पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. त्यात एक कोरं पातं, जाड दोऱ्याचे तुकडे, जुन्या धोतराच्या स्वच्छ घड्या. सगळं जाड कागदात गुंडाळून, झाकण सैल ठेवून ऑटोक्लेव्हमध्ये चढवलं. वाफ सुटली, काटा चढला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं. सर येऊन काटा बघून गेले. उतरल्यावर झाकण घट्ट बसवून वर कागद चिकटवला. चुकून एखादा उघडला गेला तर असावा म्हणून तसाच दुसरा केला. साबणाची वडी वेगळी घेतली आणि रजा टाकून राणीसावरगावला निघाले.

रानात ज्वारी हुरड्याला आलेली होती. अक्काचे दिवस भरत आले होते. सासूनं तो डबा हातात घेतला, हलवून बघितला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "ह्यात आपरेशनचं काई न्हाई ना?"

"न्हाई आत्या. नाळ कापायचं पातं हाय. वाफेत उकळून आणलंय."

"आन आमचा इळा काय वाईट हाय?"

तेव्हा दाजी बोलले. मी त्यांना सासूसमोर इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आई, दोन डाव इळा घेतला. ह्या डाव हे घेऊ."

सुईण म्हणजे गावातली म्हातारी मावशी होती. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. पाटलाच्या वाड्यातही तिला बोलावणं असायचं. ती ओट्यावर बसली, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "म्हणजे ती लेकरं माज्या हातानं गेली म्हणतीस?"

ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमच्या हातानं न्हाई, मावशी," मी म्हणाले. "इळ्याला लागलेल्या मातीनं. तुमाला ते कुणी सांगितलंच नव्हतं."

ती आपल्या हातांकडं बघत बसली. अक्कानं तिच्या शेजारी जाऊन तिचा हात धरला. "मावशे, माज्या मनात तसलं काई न्हाई. हे तिसरं हाय माझं. ही म्हणतीया तसं करा एवढ्या डाव."

"करते माय," मावशी म्हणाली. "साबण कितीदा लावू ते सांग."

सकाळी कळा सुरू झाल्या आणि त्याच सकाळी गावात जीप आली. चावडीपाशी थांबली. पोरं ओरडत पळाली, आणि बघता बघता सगळे बाप्ये रानात पसार झाले. ज्वारीत माणूस शिरला की दिसत नाही. दाजीही गेले. जीपमध्ये एक नर्स होती, दोन-तीन कर्मचारी होते. त्यांना गावात बायका आणि म्हातारे सोडून कुणी भेटलं नाही. दुपारपर्यंत थांबून ते पुढच्या गावाला निघून गेले. आम्ही दार लावून घेतलं होतं. आत अक्का कळा देत होती आणि तोंडात पदर कोंबून आवाज दाबत होती, जीपमधल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

जीप गेल्यावर थोड्या वेळानं बाळ झालं. मुलगी. जन्मल्याबरोबर तिनं असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या बायका हसल्या. मावशीनं कोपरापर्यंत हात धुतले होते. मी डबा उघडला, कागद सोडला. मावशीनं दोरा बांधला, दुसरा बांधला, पातं घेतलं आणि नाळ कापली. वर काही लावलं नाही, फक्त स्वच्छ घडी ठेवली. सासू राखेची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ती वाटी परत नेऊन ठेवली.

अक्कानं लेकीला छातीशी घेतलं. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "लागली बग प्यायला," ती मला म्हणाली. मी डब्याचा कागद हातात धरून उभी होते आणि मला वाटत होतं, झालं. जिंकलो.

रक्त थांबेना हे आधी मावशीच्या ध्यानात आलं. वार पडली होती, तरी अंगाखालची गोधडी भिजत चालली होती. तिनं पोट चोळलं, दाबून धरलं. गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. दुसरी गोधडी घातली, तीही भिजली. मावशीच्या तोंडावरचा रंग उतरला. मी दोन्ही हात लावून ती सांगेल तिथं दाबत होते. अक्काचे ओठ पांढरे पडायला लागले.

सासू एकदम किंचाळली, "ती जीप बगा! ती जीप कुठं गेली?"

दुपारची एस.टी. निघून गेली होती. दाजी रानातून धावत आले, त्यांनी कुणाची तरी सायकल घेतली आणि जीप गेली त्या रस्त्यानं सुटले. सकाळी ज्या गाडीला भिऊन ते ज्वारीत लपले होते, तिच्याच मागं. आम्ही अक्काला शेजाऱ्याच्या बैलगाडीत घातलं आणि त्याच वाटेनं निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुढं सासू बाळाला घेऊन बसली होती. गाडीवान बैलांना हाकत होता आणि सारखा मागं वळून बघत होता.

ऊन उतरत होतं. वाट खड्ड्याखड्ड्यांची होती. प्रत्येक धक्क्याला मी तिला घट्ट धरायची.

"धाकटे," ती म्हणाली, "पोरीचं तोंड उघडतंय का बग."

सासूनं बाळ पुढं केलं. ती रडत होती. "उघडतंय अक्का. रडायली बग कशी."

"रडू दे," अक्का म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. मी बोलत राहिले. परभणीला कुठं खोली घेऊ, पोरीला कुठल्या शाळेत घालू, काय काय बोलत होते. तिचा हात माझ्या हातात गार होत गेला तरी मी बोलत होते. सासूनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "बस कर माय." तेव्हा मी थांबले.

समोरून धूळ उडवत जीप आली. दाजी तिच्यात होते. नर्स चालत्या गाडीतून उतरल्यासारखी उतरली, बैलगाडीवर चढली, मनगट धरलं, पापणी वर करून बघितली. वयानं ती माझ्याएवढीच असेल. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मग म्हणाली, "बाळ कुठंय?"

सासूनं बाळ तिच्या हातात दिलं. तिनं घडी बाजूला करून बघितलं.

"नाळ कुणी बांधली?"

सासू म्हणाली, "हिनं आणलं व्हतं समदं. परभणीहून."

"चांगली बांधलीय," नर्स म्हणाली, आणि बाळ परत देऊन तिनं तोंड फिरवलं.

दाजी गाडीच्या मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी गोधडीचं टोक ओढून अक्काच्या पावलांवर घातलं. "तिचे पाय उघडे हायेत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप पूर्णेहून आला. तिथल्या वस्तीतल्या लोकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, आणि आम्ही अक्काला निरोप दिला. बाप येताना तिच्यासाठी बाळंतिणीचे डिंकाचे लाडू घेऊन आला होता. निरोप नेणाऱ्याला त्याला खरं सांगवलं नव्हतं. पोरगी झाली, लवकर चला, एवढंच तो म्हणाला होता. लाडवांचं पुडकं दिवसभर बापाच्या काखेत होतं. ते खाली कुठं ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

मी पुढचे पंधरा दिवस तिथंच राहिले. शेजारची एक लेकुरवाळी अक्काच्या पोरीला पाजायची. मी घटकेघटकेला करंगळी धुऊन बाळाच्या तोंडात घालून बघायची, जबडा सैल आहे ना. ती माझं बोट ओढायची, जोरानं. नाळ सुकून गळून पडली. आठवडा गेला, पंधरवडा गेला. तिला काही झालं नाही. मावशी रोज येऊन उंबऱ्यात बसायची, बाळाकडं बघायची आणि उठून जायची. ज्याच्याशी आम्ही लढायची तयारी केली होती ते आलंच नाही. दुसरंच आलं, आणि त्याच्यासाठी माझ्याजवळ डबा नव्हता.

मी पोरीला मागितलं. सासूला म्हणाले, "मला द्या, मी वाढवते."

"तू नोकरीला जाशील, हिला कोण बगंल?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "आन माज्या घरात हिच्याबिगर काय ऱ्हायलंय ग माय?"

मी एकटीच परभणीला आले.

प्रयोगशाळेच्या दारात गेले आणि तो वास आला, फिनाईलचा, कार्बोलिकचा, स्पिरिटचा. पाय आत उचलेना. सर बाहेर आले. "बाळ?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. मुलगी आहे."

त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि त्यांना कळलं. त्या दिवशी त्यांनी माझी सगळी कामं स्वतः केली. टेबलं पुसली, बोळे बसवले, ऑटोक्लेव्ह चढवलं. मी खिडकीपाशी स्टुलावर बसून होते. अशी आणखी किती दिवस बसले ते मला आठवत नाही.

उन्हाळ्यात मावशी आली. राणीसावरगावाहून एकटी, विचारत विचारत. डोक्यावर गाठोडं, त्यात माझ्यासाठी हुलगे बांधून आणलेले. दारात बसली आणि म्हणाली, "अजून दोन डबे दे माय. वस्तीत दोघीजणी हायेत."

मी केले. पुढं कितीतरी वर्षं करत राहिले. सर बदलून गेले, दुसरे आले, त्यांनीही नाही म्हटलं नाही. मावशी येऊन न्यायची, तिला जमेना तेव्हा तिची सून यायची. ती बाळं जगली. लोक मला म्हणतात, तुला केवढं समाधान असेल. असतं, नाही कशाला म्हणू? पण पोरीला जगवून ठेवलं म्हणून अक्काचं जाणं हलकं झालं, असं मला एकदाही वाटलं नाही.

दाजींनी पुढं दुसरं लग्न केलं. करायलाच हवं होतं, बापानंच त्यांना सांगितलं. बायको चांगली मिळाली, मायाळू. पोरीला तिनं पोटच्यासारखं केलं. सुरुवातीला मी दर महिन्याला जायची. मग माझ्या ध्यानात आलं, मी गेले की त्या घरात सगळे हळू बोलायला लागतात, नवी बाई उगाच माझ्यापुढं अदबीनं वावरते. मी जाणं कमी केलं.

एकदा गंगाखेडच्या बसस्टँडवर ते तिघं अचानक भेटले. मी परभणीला निघाले होते, ते बाजार करून गावाकडं. पोरगी आता नीट बोलत होती. कपाळ, हनुवटी, मान वाकडी करून बघायची तऱ्हा, सगळं अक्काचं. ती आईच्या पदराआडून माझ्याकडं बघत होती.

"तुमी कोन?" तिनं विचारलं.

"मी तुझी मावशी."

तिनं थोडा विचार केला. पदर हातात धरून वर त्या बाईकडं बोट केलं. "हिची बहीण?"

दाजींनी मान खाली घातली. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि काय उत्तर द्यायचं ते तिनं माझ्यावर सोडलं होतं.

"हो," मी म्हणाले. "हिचीच बहीण."

पोरीचं समाधान झालं. मी पुढं केलेला पेरू तिनं घेतला. त्यांची बस लागली, दाजींनी तिला उचलून आत बसवलं, आणि ती खिडकीतून पेरू खात माझ्याकडं बघत राहिली.